जुन्या ट्रामची पितळी मूठ: कंट्रोलरच्या पेटीत नेमकं काय चालतं?

तारकरी

मुंबईच्या ट्रामच्या धाग्यावर एकांनी विचारलं होतं, "ड्रायव्हर ती पितळी मूठ फिरवायचा, म्हणजे पंख्याच्या जुन्या काळ्या रेग्युलेटरसारखंच ना काहीतरी?" उत्तर लिहायला बसलो तर ते वाढतच गेलं, म्हणून इथे वेगळं मांडतो.

मी कॅलिफोर्नियात असतो, काम इलेक्ट्रिकलचं, आणि सुट्टीच्या दिवशी एका ट्राम संग्रहालयाच्या वर्कशॉपमध्ये स्वयंसेवक म्हणून हात काळे करतो. त्यामुळे खालचं विवेचन मुख्यतः अमेरिकन गाड्यांचं आहे, त्यातही जनरल इलेक्ट्रिकच्या 'के' मालिकेतल्या कंट्रोलरचं, म्हणजे ती मूठ जिच्यावर बसते त्या पेटीचं. १८९० च्या दशकात आलेली ही रचना इतकी पक्की निघाली की के-१०, के-३५ वगैरे तिचे प्रकार अर्धशतक बनत आणि चालत राहिले. काही आजही चालतात.

रेग्युलेटरचं उदाहरण अर्धं लागू पडतं. त्यातही रेझिस्टन्सच्या तारेची वेटोळी असायची, ती तापायची, आणि खटका फिरवला की कमी-जास्त रेझिस्टन्स पंख्याच्या वाटेत यायचा. ट्राममध्येही रेझिस्टन्स आहे. पण पंखा दोनवर ठेवून तुम्ही रात्रभर झोपू शकता. ट्रामचा कंट्रोलर मधल्याच एखाद्या नॉचवर (मुठीच्या टप्प्यावर) ठेवून दिला तर गाडीखालच्या रेझिस्टरच्या ग्रिड लाल व्हायला लागतात. त्या नॉच गाडी उठवण्यापुरत्या असतात. त्यांवर थांबायचं नसतं.

आता वीज कुठून कुठे जाते ते पाहू. वरच्या तारेत साधारण ६०० व्होल्ट डीसी. ट्रॉली पोलच्या, म्हणजे छतावरच्या लांब दांड्याच्या, टोकाच्या चाकातून किंवा तारेवर घासत जाणाऱ्या बुटातून ती छतावर येते, तिथून ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या सर्किट ब्रेकरमधून कंट्रोलरमध्ये, मग रेझिस्टर, मग मोटर्स, मग चाकं आणि रूळ. रुळातून सबस्टेशनकडे परत. म्हणजे गाडीला एकच तार पुरते, दुसरी तार म्हणजे रूळ.

मोटर सिरीज प्रकारची: आर्मेचर (फिरणारा भाग) आणि फील्ड (चुंबकत्व तयार करणारी वेटोळी) एकापाठोपाठ एक, दोन्हींतून तोच करंट. त्यामुळे करंट दुप्पट झाला की जोर जवळजवळ चौपट होतो (लोखंड चुंबकाने भरून जाईपर्यंत). भरलेली गाडी चढावर उठवायला याहून चांगली मोटर त्या काळी नव्हती.

अडचण पहिल्या क्षणाची आहे. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच उलट दाब तयार करते, त्याला बॅक ईएमएफ म्हणतात, आणि तो करंटला आवर घालतो. उभ्या गाडीत मोटर फिरतच नाही, आवर नाही. समजा एका मोटरच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स ०.३ ओहम. दोन मोटर्स सिरीजमध्ये, म्हणजे ०.६. थेट ६०० व्होल्ट दिले तर १००० अँपिअर! मोटरला झेपतात साधारण ७० धरा. म्हणून सुरुवातीला वाटेत आठएक ओहमचा रेझिस्टन्स घालायचा आणि गाडी वेग घेईल तसा, बॅक ईएमएफ वाढेल तसा, टप्प्याटप्प्याने काढून घ्यायचा. मुठीची एक नॉच म्हणजे एक टप्पा.

अशा चार-पाच नॉचनंतर सगळा रेझिस्टन्स बाहेर पडतो. याला म्हणायचं फुल सिरीज. दोन मोटर्स एकापाठोपाठ, प्रत्येकीला ३०० व्होल्ट. इथे तुम्ही हवा तितका वेळ राहू शकता. गर्दीच्या रस्त्यात साधारण निम्म्या वेगाने जायचं ते याच नॉचवर. त्याच्यापुढे मूठ नेली की मोटर्सची जोडणी बदलते, त्या पॅरलल, म्हणजे शेजारीशेजारी, होतात, थोडा रेझिस्टन्स पुन्हा वाटेत येतो आणि पुन्हा पायरीपायरीने निघून जातो. शेवटची नॉच फुल पॅरलल, प्रत्येक मोटरला पूर्ण ६०० व्होल्ट. म्हणजे आठ-नऊ नॉचमध्ये खऱ्या राहण्याच्या जागा दोनच.

आणि मुठीसमोर अँपिअरमीटर नाही. करंट किती उतरला, पुढची नॉच कधी घ्यायची, हे ड्रायव्हरला पायाखालच्या ओढीवरून आणि मोटरच्या आवाजावरून कळतं. लवकर घेतली तर धक्का बसतो, ब्रेकर उडतो. उशिरा घेतली तर ग्रिड तापतात आणि वीज फुकट जाते. ड्रायव्हरचा हात हा त्या यंत्रणेचा भागच होता. आराखडा काढणाऱ्यांनी तो गृहीत धरला होता, आणि मला या जुन्या गाड्यांचं सगळ्यात जास्त अप्रूप त्याचंच आहे.

मुग्धा_नाशिक

फार सुरेख समजावलंत. आमच्या डिप्लोमाला डीसी सिरीज मोटर होती, पण गाडी डोळ्यासमोर नव्हती. एक शंका: रेझिस्टन्स घालायचाच आहे तर मोटर्स आधी सिरीज आणि मग पॅरलल हा खटाटोप कशाला? पहिल्यापासून पॅरलल ठेवून मोठा रेझिस्टन्स वापरला तर कंट्रोलर किती सोपा झाला असता.

तारकरी

मुग्धाताई, विजेच्या बिलासाठी. हिशोब सोपा आहे. मोटरमधला करंट कायम ठेवून गाडी एकसारखी वेग घेते असं धरा. दोन्ही मोटर्स पहिल्यापासून पॅरलल असतील तर पूर्ण वेगाला येईपर्यंत तारेतून घेतलेल्या ऊर्जेतली निम्मी ग्रिडमध्ये जळून जाते. आधी सिरीज, मग पॅरलल केलं तर पहिल्या निम्म्या वेळात तारेतून निम्माच करंट घेतला जातो, कारण तोच करंट दोन्ही मोटर्स वापरतात. मग जळणारा हिस्सा एक तृतीयांशावर येतो. कागदावर मांडून पाहा, लगेच जमेल.

ट्राम दर दोन-तीनशे मीटरवर थांबते आणि पुन्हा उठते. तिचं आयुष्य वेग घेण्यातच जातं. अशा गाडीला हा फरक म्हणजे कंपनी चालणं आणि बुडणं इतका मोठा. शिवाय निम्म्या वेगाची एक फुकट नॉच मिळते, ती वेगळीच.

कारशेड_नाना

धागा वाचून बरं वाटलं. मी मध्य रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, तेव्हापासून डीसी १५०० व्होल्टवर जे चाललं ते तुम्ही लिहिलंत तेच, फक्त मोठ्या अंगाने. सहा मोटरच्या इंजिनात तर तीन जोडण्या: सहाही सिरीज म्हणजे प्रत्येकीला २५०, मग तीन-तीनच्या दोन रांगा म्हणजे ५००, मग दोन-दोनच्या तीन रांगा म्हणजे ७५०. घाटात मालगाडी उठवताना रेझिस्टन्सच्या नॉचवर किती वेळ काढायचा याचा धाक प्रत्येक ड्रायव्हरला असायचा. मात्र आमच्याकडे समोर अँपिअरमीटर होता. ट्रामवाल्यांना तोही नव्हता हे वाचून त्या लोकांबद्दल आदर वाढला.

ट्राम आणि लोकल यांत एक मोठा फरक आहे, तो सांगतो. तुमच्या के कंट्रोलरमध्ये मोटरचा सगळा करंट ड्रायव्हरच्या समोरच्या पेटीतून जातो. आमच्या वेळच्या लोकलमध्ये नऊ डबे, त्यात तीन मोटर कोच (मोटर असलेले डबे), सगळ्यांचा करंट एका माणसापुढच्या पेटीत आणणं अशक्य. म्हणून मोटरमनचा हात फक्त हलक्या दाबाचा इशारा पाठवतो आणि प्रत्येक मोटर कोचखालचे कॉन्टॅक्टर (इशाऱ्यावर चालणारे मोठे खटके) आपापली जोडणी बदलतात. ही फ्रँक स्प्रेगची कल्पना. १८८८ मध्ये रिचमंडची ट्राम चालू करून दाखवणारा तोच. १८९७ मध्ये शिकागोच्या साउथ साइड एलिव्हेटेड या उन्नत रेल्वेवर त्याने मल्टिपल युनिट पद्धत सिद्ध केली. त्याआधी तो विजेच्या लिफ्टच्या धंद्यात होता, आणि लांबून मोटर ताब्यात ठेवण्याचा विचार त्याला तिथेच पक्का सुचला. आज एसी झालं, हार्बर लाइनची डीसीही २०१६ मध्ये गेली, थ्री फेज मोटर्स आल्या, तरी एकाने पुढे बसून सगळी गाडी चालवायची ही रीत त्याचीच.

सलील_के

वाचनखूण साठवली. पण ६०० व्होल्ट डीसी आणि सगळा करंट समोरच्या पेटीत हे वाचून धडकीच भरली. मूठ मागे घेतल्यावर आर्क, म्हणजे जोडणी तुटताना उडणारी विजेची ज्वाळा, होणारच. एसीचा आर्क करंट शून्यावर आल्यावर विझतो, डीसीचा विझत नाही. मग ही पेटी पहिल्याच दिवशी जळून का जात नव्हती?

तारकरी

सलील, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. उत्तरासाठी पेटीचं झाकण उघडू.

पेटी उभी, साधारण छातीपर्यंत उंचीची. आत मधोमध एक उभा दांडा, त्यावर तांब्याच्या अर्धगोल पट्ट्या वेगवेगळ्या लांबीच्या आणि वेगवेगळ्या कोनांत बसवलेल्या. हा ड्रम. त्याच्या शेजारी उभ्या रांगेत तांब्याच्या टोकाची 'बोटं', प्रत्येकीमागे स्प्रिंग. ड्रम फिरला की कुठली पट्टी कुठल्या बोटाला भिडेल ते पट्टीची लांबी आणि कोन ठरवतात. म्हणजे सगळं वायरिंगचं तर्कशास्त्र त्या दांड्यावर तांब्यात कापून ठेवलेलं आहे. वरच्या टोकाला खाचांचं चाक आणि त्यात दबणारा रोलर, त्यामुळे प्रत्येक नॉच हाताला कळते. बाजूला दुसरा छोटा ड्रम, तो रिव्हर्सरचा, म्हणजे गाडीची दिशा बदलण्याचा. मुख्य मूठ बंदवर असल्याशिवाय रिव्हर्सर हलत नाही, रिव्हर्सर मध्यावर असेल तर मुख्य मूठ हलत नाही आणि रिव्हर्सरची किल्ली निघते तीही मध्यावरच. गाडी उलट दिशेला न्यायची की ड्रायव्हर मूठ आणि किल्ली काढून दुसऱ्या टोकाला जातो. मागचं टोक आपोआप कुलूपबंद.

आता आर्क. पेटीत मोटरच्याच करंटवर चालणारी एक जाड कॉइल असते. ती बोटांच्या टोकांजवळ चुंबकीय क्षेत्र तयार करते. आर्क हाही एक वाहता करंट, त्यामुळे त्याच्यावर आडवा जोर येतो आणि तो ताणला जाऊन तुटतो. एलिहू थॉमसन या अमेरिकन संशोधकाची ही युक्ती. तिची गंमत अशी की करंट जितका मोठा तितकं क्षेत्र मोठं आणि फुंकरही तितकीच मोठी. शेजारच्या बोटावर आर्क उडू नये म्हणून मध्ये उष्णतारोधक पडदे असतात. जुन्या पेट्यांत हे पडदे ॲस्बेस्टॉसचे असतात, म्हणून काम करताना मास्क लावूनच बसतो. पडद्यांवर काजळी आणि तांब्याचे वितळलेले कण दिसतात, त्यावरून कुठलं बोट जास्त करंट तोडतं ते लगेच समजतं. जळकी टोकं कानसीने साफ करायची, स्प्रिंगचा दाब बघायचा, पट्ट्यांवर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवायचा. जास्त लावलं तर धूळ चिकटते आणि तीच वीज वाहायला लागते.

आणि यातूनच ड्रायव्हरचा एक पक्का नियम येतो: बंद करायचं तर झटक्यात, थेट शून्यावर. एकेक नॉच मागे येत आर्क रेंगाळू द्यायचा नाही. वेग कमी हवा असेल तर पूर्ण बंद, गाडी वाहू द्या, मग पुन्हा पहिल्यापासून. तारेच्या दोन विभागांमध्ये इन्सुलेटर असतो तिथेही करंट बंद करूनच जायचं, नाहीतर तोच आर्क वर तारेवर होतो.

मोठ्या गाड्यांत पुढे याची काळजी आणखी घेतली. के-३५ सारख्या पेट्यांबरोबर गाडीखाली लाइन ब्रेकर बसवत. मूठ बंदकडे वळली की आधी तो तोडतो, ड्रमवर फारसं काही उरतच नाही.

विनू_दादर

माझं लहानपण दादरचं. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम गेली तेव्हा शाळकरी होतो. ड्रायव्हर उभा असायचा, डावा हात मुठीवर आणि पायाने घंटा. आम्ही पोरं त्याच्या मागे उभं राहायला भांडायचो. मूठ टक टक टक जायची, मग एकदम पूर्ण मागे यायची आणि गाडी नुसती वाहत राहायची. हे असं का करतो, हे तेव्हा विचारावंसंही वाटलं नाही, आज कळलं. मनापासून आभार.

लीड्सची_शुभा

इकडे डर्बीशायरमध्ये क्रिच नावाच्या गावी राष्ट्रीय ट्राम संग्रहालय आहे. तिथे देखरेखीखाली ट्राम चालवू देतात. नवऱ्याच्या वाढदिवसाला आम्ही दोघांनी ते केलं. तिथल्या कंट्रोलरला बंदच्या एका बाजूला चालवायच्या नॉच आणि दुसऱ्या बाजूला ब्रेकच्या नॉच होत्या. सोबतच्या गृहस्थांनी सांगितलं की ब्रेकच्या नॉचला तारेतली वीज अजिबात लागत नाही. मोटरने गाडी थांबते ती कशी? आणि वीज नसताना?

कारशेड_नाना

शुभाताई, हे मी सांगतो, आमच्या रोजच्या कामातलं आहे. फिरणारी मोटर जनरेटर होऊ शकते. तारेपासून तोडून ती रेझिस्टरवर जोडली की गाडीच्या वेगातली ऊर्जा ग्रिडमध्ये उष्णता होऊन निघते आणि चाकं आवरली जातात. याला रिओस्टॅटिक ब्रेक म्हणतात. वीज लागत नाही कारण मोटरच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहिलेलं असतं, त्यावरून सुरुवात होते आणि करंट स्वतःच वाढत जातो.

यात एक नाजूक गोष्ट आहे. सिरीज मोटर नुसती रेझिस्टरवर जोडली तर जनरेटर म्हणून करंट उलटा वाहतो आणि फील्डमध्ये शिरून ते शिल्लक चुंबकत्वच पुसून टाकतो. ब्रेक लागतच नाही. म्हणून ब्रेकच्या नॉचवर कंट्रोलर फील्डची टोकं आर्मेचरच्या हिशोबाने उलटी करतो. ते केलं की करंट चुंबकत्वाला पोसतो. गाडी अगदी हळू झाली की ब्रेक ढिला पडतो, मग शेवटचे काही फूट हाताचा किंवा हवेचा ब्रेक.

तारकरी

नानांनी उत्तम सांगितलं. ब्रिटनमध्ये डोंगराळ शहरं आणि दुमजली गाड्या, म्हणून तिथे अशा ब्रेकच्या कंट्रोलरचा आग्रह होता. अमेरिकेत हवेचा ब्रेक लवकर रुळला, त्यामुळे साध्या के कंट्रोलरला ब्रेकची नॉचच नाही.

तरीही एक शेवटचा उपाय त्यात दडलेला आहे. समजा उतारावर हवा गेली आणि पोलही तारेवरून निसटला. वीज नाही, ब्रेक नाही. अशा वेळी रिव्हर्सर मागे टाकायचा आणि मूठ पॅरललच्या नॉचवर न्यायची. दोन्ही मोटर्स एकमेकींमधून बंद मंडल (सर्किट) पुरं करतात. जिचा दाब जरा जास्त, ती दुसरीत करंट ढकलते, तिचं फील्ड पलटवते आणि मग दोन्ही मिळून त्याच मंडलात करंट वाढवतात. गाडी जबरदस्त आवरते. गिअरवर फार ताण येतो, चाकं घसरतात, त्यामुळे हे केवळ जीव वाचवण्यासाठी. पण प्रशिक्षणात हे शिकवतात, आणि मला स्वतःला पोल खाली ओढलेल्या गाडीवर ते करून दाखवलं गेलं तेव्हा पेटीवरचा विश्वास दुणावला.

सलील_के

मग पीसीसी गाड्यांत हे सगळं कुठे गेलं? सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्यात बसलोय. ड्रायव्हरसमोर मूठच नव्हती, पायाखाली पेडल होते मोटारगाडीसारखे.

तारकरी

१९२९ मध्ये ट्राम कंपन्यांच्या अध्यक्षांनी एकत्र येऊन समिती नेमली, तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं म्हणजे पीसीसी. मोटारगाडीपुढे टिकेल अशी ट्राम करायची. ती गाडी १९३६ मध्ये ब्रुकलिनमध्ये रस्त्यावर आली. तिच्यात आठ-नऊ नॉचऐवजी शंभराच्या आसपास पायऱ्या आहेत, ॲक्सिलरेटर नावाच्या गोल यंत्रात. पेडल किती दाबला त्यावरून वेग किती झपाट्याने घ्यायचा तेवढं ठरतं. करंट किती चढू द्यायचा ते रिले (आपोआप चालणारा खटका) बघतो, आणि पुढची पायरी कधी घ्यायची तेही. पायऱ्या इतक्या बारीक की उभ्या प्रवाशाला हादरा जाणवत नाही. मोटर्सचा रिओस्टॅटिक ब्रेक पेडलवरच आणि जोडीला रुळावर चिकटणारा चुंबकीय ब्रेक. कंट्रोलचं मंडल ३२ व्होल्टच्या बॅटरीवर, म्हणजे ड्रायव्हरजवळ मोटरचा करंट येतच नाही. रेझिस्टरवरून वाहणारी गरम हवा थंडीत डब्यात सोडत, त्यामुळे जळणारी वीजही कामी आली.

यंत्र म्हणून पीसीसी निःसंशय वरचढ. प्रवाशाला तीच हवी. मला मात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवर एफ लाइन या जुन्या ट्रामच्या मार्गावर १९२८ सालची मिलानची गाडी आली तर पुढे ड्रायव्हरजवळ उभं राहायला आवडतं. एफ लाइन १९९५ पासून नियमित चालते, तिकीट नेहमीचंच. गाडी सुटल्यावर नॉच मोजा. सिरीज संपून पॅरलल लागताना ओढ क्षणभर ढिली पडते आणि मग दुसरा रेटा येतो, तो पाठीला स्पष्ट जाणवतो.

मुग्धा_नाशिक

अजून दोन प्रश्न. ६०० व्होल्टवर दिवे कसे लावायचे? आणि चालू रस्त्यात एखादी मोटर जळली तर गाडी तिथेच अडकून सगळी लाइन बंद पडायची का?

तारकरी

दिवे: १२० व्होल्टचे पाच बल्ब सिरीजमध्ये. एक गेला की पाचही जातात, म्हणून शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या रांगांत जोडतात, म्हणजे डब्याचा एक भाग एकदम काळोखात जात नाही. गाडी चढावर जोर लावते तेव्हा तारेतला दाब पडतो आणि सगळे दिवे मंद होतात. जुन्या वर्णनांत दिवे मिणमिणल्याचे उल्लेख येतात, ते यामुळे.

मोटर जळली तर त्याची सोय पेटीतच आहे. ड्रमच्या खाली कट-आउटचे खटके असतात. मूठ बंद, ब्रेकर बंद, झाकण उघडायचं आणि बिघडलेल्या मोटरचा खटका काढायचा. उरलेली मोटर सिरीजच्या नॉचवर एकटी चालते आणि शेवटच्या सिरीज नॉचवर तिला पूर्ण ६०० व्होल्ट मिळतात. चुकून पॅरललकडे जाऊ नये म्हणून मूठ तिथेच यांत्रिकरीत्या अडते. प्रवासी उतरवायचे, आणि गाडी एका मोटरवर डेपोत न्यायची. चढ फार मोठा असेल तर मागच्या गाडीने ढकलायचं.

कारशेड_नाना

तारकरी, ग्रिडचे आणि ड्रमचे फोटो टाका. बोटांची टोकं कुठल्या मापाला बदलता तेही लिहा. इथे माझ्याबरोबरचे दोघेतिघे निवृत्त वाचतायत, सगळ्यांना बघायचंय.

तारकरी

नाना, या आठवड्यात एक के-३५ पूर्ण उघडायची आहे. ड्रम बाहेर काढला की प्रत्येक पट्टीचा फोटो आणि कुठल्या नॉचला कुठलं बोट भिडतं त्याचा तक्ता इथेच टाकतो.